कामामुळे होणारे कोपराच्या कंडरांचे विकार: हाताला विश्रांती द्यावी की कामाची पद्धत बदलावी?

पर्यवेक्षक

कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापाशी ठणका लागणे, पाना किंवा पेचकस फिरवताना कळ येणे, भरलेली किटली उचलताना हातातले बळ एकाएकी गेल्यासारखे वाटणे, ही लक्षणे हाताने काम करणाऱ्यांत इतकी नेहमीची आहेत की दुखणे चांगले मुरेपर्यंत त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. टेनिस एल्बो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे वर्णन रुंगे या जर्मन वैद्याने 1873 साली केले, तेव्हा त्याचा संबंध लिहिण्याच्या श्रमाशी जोडला गेला होता. म्हणजे या दुखण्याची वैद्यकातली ओळखच मुळी कामातून झालेली आहे. यंत्रजोडणीच्या विभागात कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि तिथे मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: कामगार रजा घेतो, दुखणे शमते, तो त्याच जागी, त्याच हत्याराशी परत येतो आणि थोड्याच दिवसांत कोपर धरून पुन्हा दवाखान्यात जातो.

दुखते कोपर, पण भार येतो तो पकडीमुळे. याची खात्री कोणालाही करून घेता येईल. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा, डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या किंचित पुढे, वरच्या मांसल भागावर टेकवा आणि उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. बोटे मिटवणारे स्नायू हाताच्या तळव्याकडच्या बाजूला असतात, तरीही तुमच्या बोटांखालची पाठची बाजू ताठरलेली जाणवेल. मूठ आवळली की बोटे ओढणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर, मनगटालाही आत वाकवू पाहतात, आणि मनगट जागेवर राखण्यासाठी ते मागे खेचणाऱ्या स्नायूंना उलट्या दिशेने जोर लावावा लागतो. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला कंडरांनी जोडलेले असतात, आणि त्यांतली एक्स्टेन्सर कार्पी रेडिअॅलिस ब्रेव्हिस नावाची कंडरा या विकारात बहुतेक वेळा सापडते. पकड जितकी घट्ट, तितका तिच्यावरचा ताण अधिक.

तरीही केवळ हालचाल पुन्हा पुन्हा होते म्हणून हे दुखणे होते, असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्यविषयक सरकारी संस्थेने 1997 साली तोवरच्या अभ्यासांचा जो मोठा आढावा घेतला, त्यात निव्वळ पुनरावृत्तीविषयी कोपराच्या बाबतीत पुरेसा पुरावा आढळला नाही. जोर लावण्याविषयी पुरावा आढळला, आणि जोर, पुनरावृत्ती व अवघडलेली स्थिती यांपैकी एकाहून अधिक गोष्टी एकत्र आल्या की पुरावा भक्कम ठरला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून उपायाची दिशा मिळते. कामाची आवर्तने कमी करणे नेहमी शक्य नसते, पण प्रत्येक आवर्तनाला लागणारा जोर आणि मनगटाची स्थिती बदलणे पुष्कळदा शक्य असते. आपापल्या व्यवसायात कोणी असे बदल केले असतील, तर ते सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे.

सांधेसोबती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पर्यवेक्षक यांनी पकडीचा मुद्दा नेमका मांडला आहे, त्याला कंडरेच्या आतल्या घडामोडींची जोड देतो. या विकाराच्या जुन्या वैद्यकीय नावात कंडरेचा दाह गृहीत धरलेला होता. परंतु नर्शल आणि पेट्रोन यांनी 1979 साली शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची जी तपासणी प्रसिद्ध केली, तिच्यात दाहाच्या पेशींऐवजी विस्कटलेले तंतू, नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या आणि अपुरी राहिलेली डागडुजी दिसली. निरोगी कंडरेत कोलॅजन या प्रथिनाचे तंतू ओढीच्या दिशेने समांतर रचलेले असतात, आणि वारंवार ताण पडून त्यांची दुरुस्ती अर्धवट राहत गेली की ही रचना विस्कळीत होते. जोरदार ताणानंतर सुमारे 24 ते 36 तास कंडरेत कोलॅजनची झीज ही भरपाईपेक्षा अधिक असते आणि त्यानंतर भरपाईचे पारडे जड होते, असे मानले जाते. रोज तोच जोरदार ताण पडत राहिला, तर ही भरपाई पुरी होण्याआधीच पुढची झीज सुरू होते. म्हणूनच हे दुखणे एखाद्या दिवसाच्या अतिश्रमापेक्षा कामाचा वेग किंवा वजन अचानक वाढल्यानंतरच्या आठवड्यांत डोके वर काढते.

फिनलंडमध्ये 30 ते 64 वर्षे वयाच्या लोकांची तपासणी करून 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाहेरच्या बाजूचा विकार 1.3 टक्के लोकांत, तर आतल्या बाजूचा, म्हणजे गोल्फर्स एल्बो, 0.4 टक्के लोकांत निश्चितपणे आढळला. जोराची कामे आणि हाताच्या पुनरावृत्त हालचाली यांचा एकत्रित परिणाम त्यातही दिसला, आणि धूम्रपानाशीही संबंध आढळला. आतल्या बाजूचा विकार होतो तो मनगट आत वाकवणाऱ्या आणि हात पालथा फिरवणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी. त्यामुळे जोराने पिळण्याच्या, आवळण्याच्या किंवा खाली दाबण्याच्या कामात त्याची शक्यता अधिक असते.

घरच्या घरी निदान करू नये, पण दुखण्याचे ठिकाण नीट पाहण्याने डॉक्टरांना मोठी मदत होते. कोपर सरळ ठेवून, हात पालथा धरून, कोणी खाली दाबत असताना मनगट किंवा मधले बोट वर उचलायचा प्रयत्न केला आणि बाहेरच्या उंचवट्यापाशी ओळखीची कळ आली, तर टेनिस एल्बोचा संशय बळावतो. दुखरी जागा उंचवट्यापासून तीन-चार बोटे खाली, स्नायूंच्या आत खोलवर असेल, तर रेडिअल मज्जातंतू दबल्याची शंका घ्यावी लागते. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर अल्नर मज्जातंतू तपासावा लागतो, आणि मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर मूळ मानेत असण्याचा संभव असतो. क्ष-किरण चित्र किंवा एमआरआय बहुतेकांना लागत नाही. अजिबात न दुखणाऱ्या कोपरांतही एमआरआयवर कंडरेतले बदल दिसतात, त्यामुळे अहवालातल्या शब्दांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

पानापक्कड

मी नळजोडणीचे काम करतो आणि माझ्या धंद्यातल्या जवळपास प्रत्येक जुन्या माणसाने कधी ना कधी कोपरात इंजेक्शन घेतलेले आहे. इंजेक्शन घेतले की पुढच्या आठवड्यात माणूस कामावर हजर होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्याचे पोट हातावर आहे त्याला हा आराम नाकारायचा का, आणि नाकारायचा तर त्याच्या बदल्यात त्याला काय द्यायचे, हे सांधेसोबती यांनी कृपया स्पष्ट करावे.

सांधेसोबती

पानापक्कड, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि सुदैवाने त्यावर चांगल्या चाचण्या झालेल्या आहेत. नेदरलँड्समध्ये 185 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइडचे इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि केवळ सल्ला देऊन वाट पाहणे, अशा तीन मार्गांची तुलना केली होती. सहा आठवड्यांनंतर इंजेक्शन घेतलेले रुग्ण सर्वांत पुढे होते. वर्ष सरल्यावर मात्र यशाचे प्रमाण इंजेक्शनच्या गटात 69 टक्के, वाट पाहणाऱ्यांत 83 टक्के आणि फिजिओथेरपीच्या गटात 91 टक्के होते. ऑस्ट्रेलियात 165 रुग्णांवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शनच्या औषधाची तुलना औषधाविना दिलेल्या तशाच इंजेक्शनशी केली गेली. वर्षानंतर पूर्ण बरे झालेले किंवा खूपच सुधारलेले लोक औषधाच्या गटात 83 टक्के आणि दुसऱ्या गटात 96 टक्के होते, आणि दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे 54 आणि 12 टक्के होते.

तुम्ही जे पाहिले आहे, ते या आकड्यांशी तंतोतंत जुळते. पहिले काही आठवडे खरोखरच आराम पडतो, आणि त्याच आठवड्यांत माणूस बऱ्या न झालेल्या कंडरेवर पूर्ण भार टाकतो. हाताने काम करणाऱ्यासाठी हे इंजेक्शन मला म्हणूनच अधिक घातक वाटते. रुग्णाच्याच रक्तातून तयार केलेल्या पीआरपी इंजेक्शनांचा बराच बोलबाला आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2021 च्या आढाव्याने मात्र त्यांचा लक्षणीय फायदा बहुधा होत नाही, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियातच केवळ 26 रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत तर खरी शस्त्रक्रिया आणि नुसता छेद घेऊन केलेली दिखाऊ शस्त्रक्रिया यांच्या परिणामांत फरक दिसला नाही.

बदल्यात काय द्यायचे, तर पहिली गोष्ट म्हणजे खरी माहिती. दहांपैकी आठ-नऊ जणांचे दुखणे वर्षभरात बहुतांशी बरे होते, हे रुग्णाला स्पष्ट सांगितले की घाईचे उपाय आपोआप मागे पडतात. वेदना फारच असेल तर डायक्लोफिनॅकसारख्या मलमाने थोड्या दिवसांसाठी आराम मिळू शकतो, अर्थात डॉक्टरांना विचारून. मात्र शारीरिक श्रमाचे काम, कामातल्या हाताचेच दुखणे आणि सुरुवातीलाच असलेली तीव्र वेदना, या गोष्टी असतील तर बरे व्हायला अधिक काळ लागतो. तुमच्या धंद्यातल्या लोकांना वाट पाहण्याच्या जोडीला कामातला भारही कमी करून मिळाला पाहिजे.

शिलाईकाम

मी कापड कापण्याचे आणि शिवण्याचे काम करते. आमच्याकडे शिवणाऱ्या बायकांपेक्षा कापणाऱ्यांची कोपरे अधिक दुखत, आणि यामागचे कारण आम्हाला कातरीत सापडले. कातरीची धार गेली की कापड पात्यांमध्ये दुमडते, ते सोडवण्यासाठी माणूस पाती एकमेकांवर आडवी दाबून धरतो, आणि हा आडवा दाब देण्यासाठी अंगठा व मनगट दोन्ही वाकडे होतात. आता आम्ही धार बोथट होण्याची वाट न पाहता ठरलेल्या अंतराने कातऱ्या धारेला पाठवतो. मिटल्यावर आपोआप उघडणाऱ्या स्प्रिंगच्या कातऱ्या घेतल्या आणि एकावर एक ठेवायच्या कापडाचे थर कमी केले. थर कमी केल्याने कात्रणांच्या फेऱ्या वाढल्या, म्हणजे हालचाली वाढल्या, तरीही दुखणे कमी झाले. पर्यवेक्षक यांनी जोर आणि पुनरावृत्ती यांच्यात जो फरक केला आहे, तो वाचताना मला हीच गोष्ट आठवली.

आणखी एक निरीक्षण नोंदवते. कापण्याचे टेबल उंच असेल तर कोपर अंगापासून दूर आणि वर जाते आणि मनगट खाली वाकते. उंची कोपराच्या थोडी खाली आणली की मनगट सरळ राहते आणि कातर कमी जोरात चालते. ठेंगण्या बाईसाठी पायाखाली फळी ठेवणे हा अगदी साधा उपाय आहे, पण टेबल सर्वांसाठी एकच असल्यामुळे तो कोणाला सुचत नाही.

कळफलक

माझे काम दिवसभर संगणकावर असते. मला जोर असा कुठेच लावावा लागत नाही, तरी माउस धरणाऱ्या हाताचे कोपर संध्याकाळपर्यंत जड होते आणि बाहेरच्या बाजूला दुखते. जोराशिवाय हा विकार होत नसेल, तर माझे दुखणे वेगळे समजायचे का?

पर्यवेक्षक

वेगळे असू शकते, पण आधी माउसवरची बोटे पाहा. पुष्कळ लोक टिचकी मारायची नसतानाही तर्जनी आणि मधले बोट बटणापासून किंचित वर उचलून धरतात. हा भार अगदी थोडा असतो, मात्र तो तासन्‌तास सुटत नाही, आणि बोटे वर उचलणारे स्नायू त्याच बाहेरच्या उंचवट्याजवळून निघतात. माउस दूर ठेवलेला असेल तर संपूर्ण हात पुढे ताणला जातो आणि मनगट वर मुडपते. माउस कळफलकाला लागून, कोपर अंगाजवळ राहील असा ठेवावा, हात कोपराजवळच्या भागापर्यंत टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकावा आणि बोटे बटणांवर सैल विसावू द्यावीत. हात उभा धरता येईल असा माउस काहींना मानवतो, काहींना नाही. खरेदीआधी उसना घेऊन पाहणे बरे. संगणकाच्या कामाचा आणि या विकाराचा संबंध जोराच्या कामांइतका ठळक नाही, म्हणून मान आणि खांदाही तपासून घ्या.

रंधा

मी सुतारकाम करतो. वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि ते पटले, पण एक अडचण स्पष्टपणे मांडावीशी वाटते. आमच्या क्षेत्रात बहुतेकांना नगावर मजुरी मिळते. धार लावण्यात, टेबलाची उंची जुळवण्यात, मधे थांबण्यात जो वेळ जातो, तो थेट मजुरीतून जातो. मालक व्यायामाचा तक्ता भिंतीवर लावतो आणि कामाचा वेग तसाच ठेवतो, तेव्हा दुखण्याची जबाबदारी कामगाराच्या गळ्यात पडते. कोपर दुखले की तुम्ही व्यायाम केला नसेल, असे ऐकावे लागते. या धाग्यावर व्यायामाची चर्चा होईल तेव्हा हे लक्षात असावे.

पर्यवेक्षक

रंधा, आपल्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि माझ्यासारख्या जबाबदारीवर असणाऱ्यांनी ते आधी ऐकायला हवे. 1700 साली इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत त्याच्या व्यवसायाचा प्रश्न जोडण्याचा आग्रह धरला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या सुधारित व्यावसायिक रोगांच्या यादीत पुनरावृत्त व जोराच्या कामामुळे होणाऱ्या कोपराच्या या विकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. व्यावसायिक रोग म्हटल्यावर त्याचे उत्तर आधी कामाच्या जागी शोधायला हवे, आणि कामगाराच्या सवयींचा विचार त्यानंतर यायला हवा.

आमच्या विभागात ज्या बदलांचा उपयोग झाला त्यांपैकी बहुतेकांत कामगाराला वेगळे काही करावे लागले नाही. हाताने आवळायचे स्क्रू यांत्रिक पेचकसाने आवळले जाऊ लागले. अर्थात स्क्रू घट्ट बसताच या पेचकसाचा मनगटाला हिसका बसतो, म्हणून ठरलेल्या जोरानंतर आपोआप सुटणारी यंत्रे घेतली आणि मोठ्या यंत्रांना तो हिसका झेलणारा दांडा लावला. मुठीत धरायच्या हत्यारांची जाडी साधारण 30 ते 50 मिलिमीटर असली की पकड सोपी जाते. बारीक दांड्यांवर रबरी आवरण चढवण्याचे काम एका दुपारचे असते. जाड हातमोज्यांत स्पर्श कळत नाही, त्यामुळे माणूस नकळत अधिक आवळून धरतो. थरथरणाऱ्या यंत्रांतही हेच घडते. जड वस्तू पालथ्या हाताने, हात लांब करून उचलण्याऐवजी तळवा वर आणि कोपर अंगाजवळ ठेवून उचलता येईल अशी मांडणी केली, तर भार दंडाच्या मोठ्या स्नायूंवर जातो.

कामाची अदलाबदल हा उपाय कागदावर फार छान दिसतो, पण स्क्रू आवळणाऱ्याला पक्कड चालवायला पाठवले तर त्याच कंडरेला तेच काम दुसऱ्या टेबलावर करावे लागते. अदलाबदल करायची तर पकडीचे काम आणि बिनपकडीचे काम, उदाहरणार्थ तपासणी किंवा नोंदी, यांत करावी. नगावरच्या मजुरीचे उत्तर माझ्या हातात नाही. जिथे दर ठरवताना धार लावण्याचा आणि थांबण्याचा वेळ नगाच्या वेळेत धरला जातो, तिथे मात्र कामगाराला मजुरी आणि कोपर यांतून एक निवडावे लागत नाही, आणि ही मागणी गटाने करण्याजोगी आहे.

सांधेसोबती

रंधा यांचा इशारा ध्यानात ठेवूनच व्यायामाविषयी लिहितो. व्यायामाने कंडरेची भार सोसण्याची क्षमता वाढते. पण कामातला भार त्या क्षमतेच्या कितीतरी वर असेल, तर कोणताही व्यायाम अपुरा पडतो.

सुरुवात हालचाल न करता जोर लावण्याने करावी. हात टेबलावर पालथा ठेवून, दुसऱ्या हाताने अडवून, मनगट वर उचलायचा प्रयत्न करावा आणि अर्धा-पाऊण मिनिट तसाच धरावा. हे सहज जमू लागले की वजनाचा व्यायाम घ्यावा. कोपर ते मनगट हा भाग टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, हातात अर्धा किलोच्या आसपासचे वजन. ते दुसऱ्या हाताच्या मदतीने वर आणावे आणि दुखऱ्या हाताने तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली सोडावे. दहा ते पंधरा वेळा, असे तीन फेरे, आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचे. व्यायामात थोडे दुखणे चालते. दहापैकी तीन-चारपर्यंतची वेदना सोसावी, पण ती दुसऱ्या सकाळपर्यंत शमली पाहिजे. शमली नाही तर वजन जास्त झाले, असे समजून ते कमी करावे. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि पुष्कळ लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. खांद्याचे आणि दंडाचे स्नायू कमकुवत असतील तर त्यांचाही व्यायाम घ्यावा.

हात पूर्णपणे बांधून ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. भार नसला की कंडरा अधिकच दुबळी होते, आणि कामावर परतताच तिच्यावर पहिल्यापेक्षा तुलनेने मोठा ताण पडतो.

पानापक्कड

माहितीबद्दल आभारी आहे. एक शेवटची शंका आहे. कोपराखाली बांधायचा पट्टा आमच्यात अनेक जण दिवसरात्र घालून असतात. त्याचा उपयोग होतो का?

सांधेसोबती

काहींना काम करतानाची वेदना त्याने कमी होते आणि पकड सुधारते, पण कंडरा बरी होण्याचा वेग त्याने वाढतो असे दिसलेले नाही. पट्टा दुखऱ्या उंचवट्यावर बांधू नये. त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली, स्नायूंच्या फुगीर भागावर, मूठ सैल असताना एक बोट आत सरकेल इतपतच आवळावा. जोराचे काम असेल तेवढाच वेळ घालावा आणि विश्रांतीत व झोपताना काढून ठेवावा. पट्टा घातल्यावर हाताच्या पाठीवर मुंग्या आल्या किंवा बोटे उचलायला जड वाटू लागली, तर रेडिअल मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता आहे, म्हणून तो लगेच सोडावा. तो सोडूनही बोटे किंवा मनगट वर उचलता येत नसेल, किंवा कोपर सुजून लाल व गरम झाले असेल, तर व्यायाम आणि पट्टा दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.